भीमेच्या माथ्याचा हिशोब

एप्रिल २०२१ मध्ये भीमेवरच्या उजनी धरणातून इंदापूर तालुक्याला पाच टीएमसी पाणी देण्याचा आदेश निघाला. सोलापूर जिल्ह्यातून त्याला इतका कडाडून विरोध झाला, की मे महिन्यात सरकारला तो मागे घ्यावा लागला. वर्षभराने लाकडी-निंबोडी उपसा सिंचन योजनेला सुमारे ३४८ कोटींची मंजुरी मिळाली. इंदापूर आणि बारामतीच्या जिरायती गावांसाठी ०.९० टीएमसी, म्हणजे धड एक टीएमसीही नाही. पुन्हा तेच. सोलापूरकर म्हणाले, आमचे पाणी पळवले. इंदापूरकर म्हणाले, धरणात जमिनी आमच्या गेल्या, मग पाण्यावर हक्क नाही कसा? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते, आणि दोघेही आपापसांत भांडत राहिले.

या भांडणात एक आकडा फार थोड्यांनी तोंडातून काढला. भीमेच्या माथ्यावर, मावळ आणि मुळशीत, मुळा-इंद्रायणी-आंध्रेचे पाणी अडवून वर्षाला सरासरी ४२ टीएमसीपर्यंत पाणी सह्याद्रीच्या पलीकडे कोकणात उतरवायला मुभा आहे. उजनीचा उपयुक्त साठा साधारण साडेत्रेपन्न टीएमसी. पुण्याला आणि दौंड-इंदापूरच्या कालव्याला पाणी देणारी खडकवासला साखळीची चारही धरणे तुडुंब भरली, तरी बेरीज एकोणतीस टीएमसीच्या आसपास जाते. त्याच्या जवळजवळ दीडपट पाणी उगमाशीच दिशा बदलते, खोपोली, भिवपुरी आणि भिऱ्याच्या वीजगृहांतून पडते आणि अरबी समुद्राच्या वाटेला लागते. पाच टीएमसीवरून जिल्हे एकमेकांच्या अंगावर गेले. बेचाळीसचा जाब कोणी विचारला की मात्र ठरलेली उत्तरे हातात ठेवली जातात. ही उत्तरे देणारे लोक अडाणी नाहीत. त्यांत अभियंते आहेत, वीजक्षेत्राचे जाणकार आहेत, पर्यावरणवादी म्हणवणारेही आहेत. म्हणूनच त्यांचा प्रतिवाद नीट करायला हवा.

सर्वांत लाडके उत्तर असे, की जलविद्युत पाणी खात नाही. पाणी पात्यावर पडते, पाते फिरते, पाणी तसेच्या तसे खाली जाते. यात खोटे काही नाही. भाटघरच्या पायथ्याशी १६ मेगावॅटचे वीजगृह आहे, वीरला ९ मेगावॅटचे आहे, पानशेत आणि वरसगावला प्रत्येकी ८ मेगावॅटचे. खुद्द उजनीवर १२ मेगावॅटचा संच आहे. भाटघर-वीरमधून सुटलेले पाणी वीज देऊन नीरा डाव्या कालव्याने बारामतीला येते आणि पुढे इंदापूरच्या शेतात शिरते. ते वीजगृह बंद करा, असे बारामतीत कोणी म्हटल्याचे मी ऐकलेले नाही. म्हणायचे कारणही नाही. जलविद्युतीला आंधळा विरोध करणारा हा लेख नव्हे, हे एवढ्यावरून कळावे.

पण भाटघर आणि भिरा एका तागडीत तोलता येत नाहीत. भिऱ्याच्या पात्यावरून पडलेले पाणी कुंडलिकेत जाते, खोपोलीचे पाताळगंगेत, भिवपुरीचे उल्हास नदीत. ही वीजगृहे चालवणाऱ्या टाटा कंपनीच्या वहीत ते खर्च झालेले नाही, कारण त्या वहीत पाते आहे, खोरे नाही. भीमेच्या वहीत ते शंभर टक्के खर्च आहे. त्यातला थेंबही पुन्हा उजनीकाठच्या भिगवणला येत नाही. ‘पाणी खात नाही’ हे वाक्य जिथे पाणी त्याच नदीत परत पडते तिथे खरे, आणि जिथे नदीच बदलते तिथे ते दिशाभूल करणारे. जाणकारांना हा फरक कळत नाही असे मानणे त्यांचा अपमान ठरेल.

दुसरे उत्तर मालकीचे. ही धरणे कंपनीने स्वतःच्या पैशाने बांधली, शंभर वर्षांपूर्वी, सरकारच्या संमतीने, तेव्हा पाणी कंपनीचे. धरणे कंपनीची हे मान्य. वळवण, शिरवता, ठोकरवाडी, मुळशी ही त्या काळच्या अभियांत्रिकीची मोठी कामे होती, याबद्दलही वाद नाही. ती कोणाच्या जमिनीवर उभी राहिली, हा वाद मात्र १६ एप्रिल १९२१ च्या रामनवमीलाच सुरू झाला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या मागे मुळशी पेट्याचे मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. पन्नासच्या आसपास गावांचा प्रश्न होता. ब्रिटिश सरकारने भूसंपादनाचा कायदा कंपनीच्या बाजूने वापरला, सत्याग्रह मोडला आणि पाणी चढले. मुळशीची आठवण निघाली की आपण बापटांच्या पुतळ्यापर्यंत जातो आणि हात जोडून परत येतो. सत्याग्रहींनी विचारलेला प्रश्न, हे सार्वजनिक हित नेमके कोणाचे, तिथेच राहतो.

आणि पाणी? पाणी कंपनीचे नाही, कधीच नव्हते. कृष्णा पाणीवाटपाच्या बच्छावत लवादाने १९७६ च्या अंतिम निवाड्यात भीमेच्या वरच्या खोऱ्यातून टाटा जलविद्युत प्रकल्पांसाठी खोऱ्याबाहेर नेण्याच्या पाण्याला मर्यादा घातली. कोणत्याही एका वर्षात ५४.५ टीएमसीपेक्षा जास्त नाही, आणि सलग पाच वर्षांत मिळून २१२ टीएमसीपेक्षा जास्त नाही. या ओळी नीट वाचाव्यात. लवादाने महाराष्ट्राला सांगितले, की तुमच्या वाट्यातून यापेक्षा जास्त बाहेर जाऊ देऊ नका. इतके द्यायलाच हवे, असे तो कुठेही म्हणत नाही. ही कमाल मर्यादा आहे. पण गेल्या पन्नास वर्षांत ती आपोआप हक्काच्या वाट्यासारखी वागवली जाऊ लागली. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये बियास नदीकाठच्या एका हॉटेलच्या खटल्यात (एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ) नद्या सरकारकडे जनतेच्या वतीने विश्वस्त म्हणून आहेत, असा निर्वाळा दिला. विश्वस्ताने ठेव वापरायला दिली म्हणून वापरणारा मालक होत नाही.

मुळशीचे धरण बांधण्याची जमवाजमव चालली होती त्याच सुमारास, १९२० मध्ये, अमेरिकेने जलविद्युतीसाठी संघीय कायदा केला. खाजगी कंपनीला नदीवर वीज करायची तर परवाना घ्यावा लागेल, आणि त्याची मुदत जास्तीत जास्त ५० वर्षे. मुदत संपली की पुन्हा अर्ज, पुन्हा सुनावणी, पुन्हा मासे-शेती-गावे यांचा विचार. मेन राज्यातल्या केनेबेक नदीवरच्या एडवर्ड्स धरणाचा परवाना १९९७ मध्ये नूतनीकरणासाठी आला तेव्हा नियामकांनी तो नाकारला. दोन वर्षांनी ते धरण उतरवले गेले. भांडवलशाहीच्या माहेरघरात हे घडले. मुळशी उतरवा, असे इथे कोणी म्हणत नाही. पण अमेरिकेच्या हिशोबाने मुळशीच्या परवान्याची एव्हाना दोनदा फेरतपासणी व्हायला आली असती. आपल्याकडे मूळ करारातली कलमे कोणती, ती कधीपर्यंत लागू, टंचाईत काय करायचे, हे भीमाकाठच्या शेतकऱ्याला कोणी एकदाही समजावून सांगितलेले नाही.

आता त्याच शेतकऱ्याकडून काय अपेक्षा असते ते पाहा. कालव्याचे पाणी हवे तर त्याने सात नंबरचा अर्ज भरायचा, त्यात पीक आणि क्षेत्र लिहायचे, आधीची पाणीपट्टी थकली असेल तर अर्ज नामंजूर. पाटकरी येऊन बघणार, कालवा निरीक्षक पंचनामा करणार. आवर्तन कधी हे कालवा सल्लागार समिती ठरवणार आणि टेलला पाणी येईपर्यंत वरच्यांनी दारे उघडी ठेवली असतील तर टेलवाला बसणार बोंबलत. उजनी उणे झाली, म्हणजे उपयुक्त साठ्याच्या खाली गेली, की काठावरच्या शेतीपंपांची वीज काही तासांवर आणतात, म्हणजे पाणी उपसले जाऊ नये. २०१९ आणि २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेली होती. पाणी वाचवण्यासाठी शेतकऱ्याची वीज तोडता येते, हे धोरण सर्वांना सहज सुचते. पाणी वाचवण्यासाठी माथ्यावरची वीज थोडी कमी करावी, हे सुचले की तो अर्थव्यवस्थेवरचा घाला होतो.

उत्तरदायित्व या शब्दाचा अर्थ मी असा घेतो. जो पाणी घेतो त्याने किती घेतले हे रोज सांगावे, टंचाईत इतरांबरोबर तूट सोसावी, आणि ज्याचे नुकसान होते त्याला विचारण्याचा अधिकार असावा. शेतकऱ्याला हे तिन्ही नियम लागू आहेत. उजनीची टक्केवारी रोज पेपरात येते, खडकवासल्याचा साठा येतो. पावसाळ्यात मुळशीचा मुळा नदीत होणारा विसर्गही कळतो, कारण पुण्यात पाणी शिरण्याची भीती असते. घाटाखाली आज किती उतरले, हा आकडा इंदापुरात कोणाच्या कानावर येत नाही.

तूट सोसण्याचा नियम महाराष्ट्राला नवा नाही. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यात खोऱ्यातील टंचाई सर्वांनी वाटून घ्यावी असे तत्त्व आहे. त्याच आधारावर २०१४ मध्ये गोदावरी खोऱ्यासाठी आदेश झाला. ऑक्टोबरच्या मध्याला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी पाणी असेल तर नाशिक-नगरच्या धरणांनी खाली सोडायचे. नगरचे लोक प्रत्येक वेळी त्यावर चिडतात, कोर्टात जातात, तरी पाणी सुटते. कोयनेतही तसेच. लवादाने तिथे पश्चिमेला ६७.५ टीएमसीची मर्यादा दिली आहे, पण पाऊस कमी झाला की सरकार वीजनिर्मितीच्या पाण्याला कात्री लावते आणि सांगलीच्या उपसा योजनांसाठी राखते. २०२३-२४ मध्ये हेच झाले. कोयना १९६० मेगावॅटची, राज्यातली सर्वांत मोठी. तिला जमते ते ४४७ मेगावॅटच्या तीन वीजगृहांना का जमू नये? मुळशीचा विषय निघाला की समिती नेमली जाते, निवेदने दिली जातात, आणि पुढचा पाऊस चांगला झाला की फाइल मिटते. कोयना सरकारची आहे आणि मुळशी खाजगी आहे, याखेरीज दुसरे कारण मला तरी दिसत नाही.

इथे मुंबई पुढे येते. मुंबई अंधारात बुडेल, असे सांगतात. मुंबईची कमाल मागणी आज चार हजार मेगावॅटच्या आसपास आहे. तिन्ही वीजगृहे पूर्ण क्षमतेने चालली तरी ४४७. मात्र हा युक्तिवाद निव्वळ आकड्याने झटकून टाकणे लबाडीचे होईल. संध्याकाळी सात वाजता मागणी एकदम चढते तेव्हा काही मिनिटांत सुरू होणारी वीज पाण्याचीच. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली होती, तशा वेळी ग्रीड पुन्हा उभे करायला जलविद्युतीसारखे साधन नाही. तेव्हा ही वीजगृहे नकोत असे नाही. वर्षभराची सगळी निर्मिती तितकीच अनमोल आहे का, हा प्रश्न आहे. पाचशे मीटरच्या आसपास उंचीवरून एक टीएमसी पाणी पडले तर ढोबळ हिशोबाने सव्वातीन कोटी युनिट मिळतात. बेचाळीस टीएमसीचे झाले साधारण १४० कोटी. तेवढी युनिटे आज सुमारे नऊशे मेगावॅटचे सौर प्रकल्प देतात. सूर्य संध्याकाळी नसतो, मान्य. मग संध्याकाळपुरते पाणी ठेवा, आणि तुटीच्या वर्षी दिवसाचे पाणी भीमेला द्या. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांना या विजेला दगडी कोळशाखेरीज पर्याय नव्हता. आज आहे.

बारामती-इंदापूरकरांनी हे बोलावे हा चोराच्या उलट्या बोंबा असा प्रकार आहे, असे मला एका पुणेकर स्नेह्याने ऐकवले. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर. जिकडे जाल तिकडे साखर कारखान्याची चिमणी. पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या प्रदेशात उसाचे मळे उभे करायचे आणि पाणी कमी पडले की माथ्याकडे बोट दाखवायचे. हा घाव वर्मी बसतो, आणि बसायलाच हवा. ऊस आमच्याकडे गरजेपेक्षा किती तरी जास्त आहे. नीरा डाव्या कालव्याच्या बागायतीत आणि उजनीच्या काठावर जो पाटपाण्याने ऊस भिजवतो त्याने आणि सुपे-मोरगावच्या पट्ट्यात पावसाळ्यातही टँकरची वाट पाहणाऱ्याने एकाच तोंडाने बोलू नये. शेजारच्या पुरंदरमध्ये विलासराव साळुंखे यांनी बहात्तरच्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली, पाणी जमिनीवर नव्हे तर माणशी वाटले आणि उसाला नकार दिला. ते बारामती-इंदापूरच्या बागायतदाराने मनावर घेतले नाही.

पण एकाच्या उधळपट्टीने दुसऱ्याचा हिशोब माफ होतो, हे कुठले तर्कशास्त्र? उसावर निर्बंध आणा, ठिबक सक्तीचे करा, कालव्याच्या पाण्याचे मोजमाप करा. याला माझा पाठिंबा आहे आणि त्यासाठी मी माझ्या तालुक्यातल्या बागायतदारांच्या शिव्या खायला तयार आहे. ते झाल्यावर माथ्याला प्रश्न विचारायचा की नाही? जनाई-शिरसाई योजनेत आणि पुरंदर उपशात पाणी विजेवर वर चढवतात आणि त्या विजेच्या बिलाचा वाटा गावांच्या डोक्यावर बसतो. त्याच खोऱ्याच्या माथ्यावर पाणी खाली पाडून वीज करतात आणि तिचे बिल मुंबईत भरले जाते. एकाच नदीच्या दोन टोकांना चालणारा हा उद्योग एकत्र मांडून पाहण्याचे काम ना जलसंपदा खात्याने केले, ना ऊर्जा खात्याने. आणखी एक उद्योग चालू आहे. इंदापूर तालुक्यात उद्धटपासून भादलवाडीपर्यंत सुमारे चोवीस किलोमीटरचा नीरा-भीमा बोगदा खणला जातो आहे. मराठवाड्याला द्यायचे सात टीएमसी उजनीत यावे म्हणून. २० नोव्हेंबर २०१७ ला अकोले गावाजवळ त्या बोगद्याच्या विहिरीत क्रेनची ट्रॉली कोसळून कामगार मेले. उजनीत सात टीएमसी आणायला माणसे जमिनीखाली उतरतात, आणि उजनीत येऊ शकणारे त्याच्या कित्येक पट पाणी वरच्या वर पश्चिमेला जाते.

आता सर्वांत नवे आणि सर्वांत सफाईदार उत्तर. जुने विसरा, म्हणतात. जलविद्युत उद्योगाने स्वतःच सामाजिक आणि पर्यावरणीय मानके तयार केली आहेत, आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रे आहेत, बाहेरच्यांनी दंडुका घेऊन उभे राहण्याची गरज उरलेली नाही.

या मानकांचा जन्म कसा झाला ते आधी सांगितले पाहिजे. नोव्हेंबर २००० मध्ये जागतिक धरण आयोगाचा अहवाल लंडनमध्ये नेल्सन मंडेलांच्या उपस्थितीत प्रसिद्ध झाला. बारा सदस्यांत आपल्या मेधा पाटकर होत्या, तसेच धरण बांधणाऱ्या उद्योगाचे प्रतिनिधीही होते. अहवालाने धरणे नकोत असे म्हटले नाही. लोकांची संमती घ्या, नदीचा एकत्र विचार करा, आणि जुन्या धरणांची बाकी राहिलेली देणी चुकवा, त्यांचे परवाने मुदतीचे असू द्या, असे त्याने सांगितले. जुन्या धरणांवर त्यात स्वतंत्र भर होता. भारत सरकारने तो अहवाल नाकारला. उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनेही तो जसाच्या तसा स्वीकारला नाही, आणि पुढच्या दशकात स्वतःची मूल्यमापन पद्धत आणली. २०२१ पासून तिला मानकाचे रूप आले. मूल्यमापनाचा खर्च प्रकल्प चालवणारा करतो, आणि मूल्यमापन एकेका प्रकल्पाचे होते.

सिक्कीममधला एनएचपीसीचा ५१० मेगावॅटचा तीस्ता-५ प्रकल्प या पद्धतीने तपासला गेला आणि २०२१ मध्ये त्याला त्या संघटनेचा मानाचा ‘ब्लू प्लॅनेट’ पुरस्कार मिळाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये वरच्या अंगाचे ल्होनाक हिमसरोवर फुटले, चुंगथांगचे तीस्ता-३ धरण वाहून गेले आणि त्या लोंढ्याने तीस्ता-५ लाही मोडून काढले. सरोवर तीस्ता-५ मुळे फुटले नाही. त्या वीजगृहाच्या व्यवस्थापनावर मला इथे ठपका ठेवायचा नाही. पण त्या नदीवर एकाखाली एक धरणे आहेत, माथ्यावर हिमसरोवर आहे, ही गोष्ट स्थानिक लोक वर्षानुवर्षे ओरडून सांगत होते. प्रमाणपत्र मात्र एका वीजगृहाचे होते. नदी त्याच्या कक्षेबाहेर होती. तीस्तेत खोरे वगळले गेले तेच भीमेत वगळले जाते. उद्या भिऱ्याच्या वीजगृहाला एखादे सुवर्ण प्रमाणपत्र मिळाले तर ते कदाचित योग्यच असेल. कामगारांची सुरक्षितता चोख असेल, झाडे लावलेली असतील, शाळांना देणग्या दिलेल्या असतील. भिगवणला येणारे पाणी त्यात कुठेच मोजलेले नसेल.

सरकारचा कायदा तरी वेगळा आहे काय? २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेत २५ मेगावॅटच्या खालच्या जलविद्युतीला आघात-मूल्यांकनाची गरज नाही. मोठ्या प्रकल्पाला आहे, पण अभ्यासाचे क्षेत्र साधारणपणे भोवतालचे दहा किलोमीटर असते आणि जनसुनावणी प्रकल्पाच्या जवळ होते. मावळातल्या धरणाचा इंदापूरवर परिणाम होतो हे शेंबडे पोरही सांगेल, पण कागदावर इंदापूर ‘बाधित’ होत नाही, कारण ते दीडशे किलोमीटरवर आहे. मार्च २०१९ पासून मोठी जलविद्युतही सरकारदरबारी नवीकरणीय ठरली. पाऊस दर वर्षी पडतो म्हणून पाणी नवीकरणीय, हे एक वेळ समजू शकते. नदीखोऱ्याबाहेर गेलेले पाणी कोणासाठी नवीकरणीय, हे कोणी सांगितलेले नाही.

दहा किलोमीटर हा जसा अंतराचा आखडता हात आहे तसा काळाचाही आहे. उजनी १९८० मध्ये पूर्ण झाली. पळसदेवचे जुने देऊळ पाण्याखाली गेले, जे उणे पातळीत वर दिसते आणि छायाचित्रकारांची झुंबड उडते. नदीकाठची गावे तुटली, पलीकडे जायला होडी उरली. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीकडे येणारी होडी वादळात बुडाली आणि सहा जण गेले. धरणाला चव्वेचाळीस वर्षे झाली होती. शिरसोडी-कुगाव पुलाची मागणी वर्षानुवर्षांची. कुठल्याही मूल्यांकनात या सहा जणांची नोंद होणार नाही, कारण धरणाचे ‘सामाजिक परिणाम’ पुनर्वसनाची फाइल बंद झाली त्या दिवशी संपले असे धरले जाते. हे सरकारी धरण आहे, म्हणून सांगतो आहे. उत्तरदायित्वाची मागणी फक्त खाजगी कंपनीसाठी नाही.

आता घाटमाथ्यावर नवी लाट येते आहे, उदंचनाची. दिवसा स्वस्त सौर विजेने पाणी वर चढवायचे, रात्री खाली सोडून वीज घ्यायची. डिसेंबर २०२३ मध्ये राज्याने त्यासाठी धोरण आणले. त्याआधीच ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरने राज्य सरकारशी शिरवता येथे १८०० आणि भिवपुरी येथे १००० मेगावॅटच्या प्रकल्पांचा सामंजस्य करार केला. टोरेंटच्या यादीत कर्जतबरोबर मावळ आणि जुन्नर आहेत. समर्थक सांगतात, यात पाणी लागतच नाही, तेच ते पाणी खालीवर फिरते. तंत्र म्हणून उदंचन मला आवडते. भिऱ्याला पाणी उलट वर चढवू शकणारा १५० मेगावॅटचा संच आहेच. म्हणजे कोकणात उतरलेले पाणी परत सह्याद्रीवर येऊ शकते, हे त्याच कंपनीने करून दाखवले आहे. ही गोष्ट भीमाकाठच्या लोकांनी ध्यानात ठेवावी.

पण शिरवत्यासारख्या जुन्या जलाशयावर १८०० मेगावॅटचा प्रकल्प बसला, की त्या जलाशयात ठराविक पाणी कायम राखणे ही त्याची तांत्रिक गरज होते. पुढची चाळीस वर्षे त्या पाण्याला कोणी हात लावू म्हणेल तर हजारो कोटींची गुंतवणूक आडवी येईल. आज जे वहिवाटीने चालते ते उद्या कर्जाच्या करारात लिहिले जाईल. म्हणून नव्या मंजुरीआधी जुना हिशोब मिटवावा, आणि शिरवत्याची सुनावणी मावळाबरोबर इंदापुरातही व्हावी. सुनावणीत आम्ही विरोधच करू असे नाही. आम्हाला बोलावले तर पाहिजे.

कोकणचे लोक विचारतील, आमचे काय? पाताळगंगेचे कारखाने, उल्हासवर तहान भागवणारी शहरे, रोह्याचा पट्टा यांना वीजगृहातून सुटलेल्या पाण्याची सवय झाली आहे. नळ बंद करा असे कोणी म्हणत नाही. अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या कोकणाने स्वतःच्या पावसाचे साठे उभारेपर्यंत पिण्याचे पाणी राखूनच तुटीच्या वर्षाचे गणित मांडावे.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि मला तोच सर्वांत प्रामाणिक वाटतो. मुळशीतून पूर्वेकडे पाणी सोडण्याची सोय मर्यादित आहे, आणि सोडले तर वीज बुडते, ती कोणी भरून द्यायची? पहिल्याचे उत्तर असे, की ऑक्टोबरमध्ये सांडव्याच्या पातळीवर असलेले पाणी सोडता येते आणि त्याखालचे सोडायला निर्गमद्वार बांधता येते. घाटातून बोगदे काढणाऱ्यांना ते अवघड नाही. दुसऱ्याचे उत्तर पैशात. तुटीच्या वर्षी पाच टीएमसी राखले तर साधारण साडेसोळा कोटी युनिट कमी होतील. सहा रुपये दराने शंभर कोटी, संध्याकाळची महाग वीज धरून दहा रुपये लावले तरी एकशे पासष्ट कोटी, आणि तेही फक्त दुष्काळाच्या वर्षी. ०.९० टीएमसीसाठी ३४८ कोटी मंजूर करणाऱ्या सरकारला हा सौदा महाग पडणार नाही. पैसे सरकारने द्यावेत की कंपनीने सोसावेत, याची सुनावणी प्राधिकरणापुढे होऊ द्या. माझा आकडा ढोबळ आहे. तो चुकीचा वाटत असेल तर कंपनीने रोज घाटाखाली उतरणारे पाणी आणि त्यातून निघणारी वीज जाहीर करावी, म्हणजे दुरुस्त करता येईल.